मनुबाईने धवला मध्येच थांबवला

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात लग्न असलं की भटजी उशिरा आला तर चालतो, नवरदेवाची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली तरी चालतं, पण धवलारीण वेळेवर लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं आपलं एक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. धवला संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, आणि हे सगळे धवले जिच्या तोंडी असतात ती बाई धवलारीण. आगरी घरात तिचा मान भटजीच्या बरोबरीचा असतो. कुणाच्या लग्नात वडे कच्चे राहिले होते याची माहिती मात्र तिच्याकडे भटजीपेक्षा जास्त असते.

मनुबाई अशी धवलारीण होती. वय एकसष्ट, उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि आवाज खाडीपलीकडच्या गावात ऐकू जाणारा. अठराव्या वर्षी ती काळूरामशी लग्न करून या घरात आली तेव्हा तिची सासू धवलारीण होती. सासूने तिला गाणी शिकवली ती भाताची लावणी करताना, कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात. दोघींनाही लिहायला-वाचायला येत नव्हतं, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती. सासूची अट एकच होती: आपल्याला जे खरं वाटत नाही ते मांडवात गायचं नाही, कारण लोक त्या शब्दांवर संसार मांडतात. मनुबाईने ती अट चाळीस वर्षं पाळली. पाळली असं निदान तिला वाटत होतं.

मग घरात तत्त्वज्ञान शिरलं.

त्याला दार उघडलं तिच्या सुनेने, कल्पिताने. बारावीनंतर लग्न झालं आणि कॉलेज राहून गेलं, ते तिने आता मुक्त विद्यापीठातून पुरं करायला घेतलं. विषय निवडायची वेळ आली तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की तत्त्वज्ञानाचं पुस्तक सगळ्यात बारीक आहे. कल्पिताने पुस्तकाची जाडी पाहिली आणि फॉर्म भरला. पण तिची एक खोड होती. मनात वाचलेलं तिच्या डोक्यात शिरत नसे, मोठ्याने वाचावं लागे. आत तिचा नवरा निकेत झोपलेला असायचा, कारण तो बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि घरी आला की झोपायचा. म्हणून वाचन ओटीवर चालायचं. ओटीवर मनुबाई आणि तिची मुलगी बायजा पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसलेल्या असायच्या.

बायजाला तिच्या पणजीचं नाव दिलेलं होतं. लग्न झालं आणि दोन वर्षांत ती एक पिशवी घेऊन परत आली, त्याला आता दहा वर्षं झाली. ती का आली हे घरात कुणी विचारलं नाही. गावाने मात्र आपसांत पुष्कळ विचारलं. लग्नकार्यात बायजा मागे चुलीपाशी राबायची. मांडवात पुढे यायची नाही. तसं कुणी तिला सांगितलेलं नव्हतं, आणि ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी कल्पिताने वाचलं, ‘आपल्याला जे दिसतं ते खरोखर असतं का?’ मनुबाईला वाटलं, पोरीला ऊन लागलं. तिने कोकम सरबत करून दिलं. तिसऱ्या दिवशी मात्र तीच सुनेची वाट बघत ओटीवर बसली होती. तिच्या लक्षात आलं होतं की ही पुस्तकवाली माणसं धवल्यातलेच प्रश्न विचारतात. आधी काय होतं, हे कुठून आलं, कुणी केलं, कशासाठी केलं. फरक एवढाच, की धवल्यात पुढच्या ओळीला उत्तर येतं आणि इथे हजारो वर्षं झाली तरी कुणी उत्तर द्यायचं नाव घेत नाही. एवढी शिकलेली माणसं आणि सगळी अडलेली, याचा मनुबाईला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने दोन माळा उलट्या विणल्या.

पहिला बळी काळूरामचा गेला. खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा पाळायची रीत आहे, आणि काळूरामच्या तळ्यात दहा किलोचा जिताडा आहे असं तो चार वर्षं सांगत होता. मनुबाईने जेवताना विचारलं, कुणी पाहिलाय? काळूराम म्हणाला, खाणं टाकलं की संपतं. खाणं खेकडेही संपवतात, मनुबाई म्हणाली. पाणी हलतं, काळूराम म्हणाला. पाणी वाऱ्यानेही हलतं, मनुबाई म्हणाली. मग तू देव आहे असं कशावरून म्हणतेस, असं काळूरामने चिडून विचारलं. मनुबाई शांतपणे म्हणाली की तो धडा पुढच्या आठवड्यात आहे. काळूराम दोन दिवस तळ्याच्या काठावर बसून राहिला. जिताडा दिसला नाही, पण नसल्याचंही दिसलं नाही, असं त्याने येऊन जाहीर केलं. मनुबाईला हे उत्तर फार पसंत पडलं.

मग तर्कशास्त्र आलं आणि घरात भांडणं सुरू झाली, पण चांगल्या दर्जाची. सगळ्या सुना उशिरा उठतात, कल्पिता सून आहे, म्हणून कल्पिता उशिरा उठते, असा मनुबाईने पहिलाच अनुमानाचा धोंडा टाकला. कल्पिताने तो अलगद झेलला. ती म्हणाली, आई, तुमचं पहिलंच वाक्य खोटं आहे, कारण तुम्हीही सून होतात आणि पहाटे चारला उठत होतात. हरल्याचा मनुबाईला एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशी तिने स्वतः चहा करून सुनेला अंथरुणात नेऊन दिला. सौंदर्याच्या धड्याला सुकटीची चटणी सापडली. चटणी चविष्ट असते ती तिच्या अंगच्या गुणाने, की खाणाऱ्याच्या जिभेच्या? तिघी बायका तासभर वाद घालत चाखत राहिल्या, आणि निकाल लागायच्या आत पुरावाच संपला. शेजारणी कुंपणावरून बघायच्या आणि यांना झालंय काय म्हणून आपसांत कुजबुजायच्या. मनुबाई तर उकडे तांदूळ निवडतानाही गालात हसायची.

आणि मग तो ज्ञानाचा धडा आला. कल्पिताने वाचलं, ‘नुसतं वाटणं म्हणजे ज्ञान नव्हे. जे वाटतं ते खरं असायला हवं, आणि ते का खरं मानायचं याचं कारणही आपल्यापाशी हवं.’ मनुबाईने ते चारदा वाचायला लावलं. त्या संध्याकाळी तिने आपल्या पोटातले सगळे धवले एकेक करून बाहेर काढले आणि भातासारखे पाखडायला बसली. सूप बुरुडाने विणलं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पास. हळद मातीत पिकते, पास. सूर्य हळद माखून उगवतो, हे काही खरं नाही, पण ती शोभा आहे म्हणून चटणीच्या धड्याखाली पास. देवांच्या ओळी तिने तूर्त बाजूला ठेवल्या. असं करत करत ती हळदीच्या मुख्य धवल्यापाशी आली आणि अडली.

त्या धवल्यात धवलारीण नवरीला तीनदा विचारते, सुखी होशील का गं? आणि तीनदा आपणच उत्तर देते, होशील गं होशील. दुसऱ्या उत्तरानंतर पहिली हळद लागते. चारशेच्या वर पोरींना मनुबाईने हे गाऊन सांगितलं होतं. कशावरून? कारण काय? तिने त्या पोरी आठवायला सुरुवात केली. काही खरंच मजेत होत्या. काही धड सुखी नव्हत्या, धड दुःखीही नव्हत्या. काहींचं नाव निघालं की ती विषय बदलायची. मग तिची नजर शेजारी मान खाली घालून कांदे विणणाऱ्या बायजावर गेली. बायजाच्या हळदीलाही तीच गायली होती. त्या दिवशी तर घसा फुटेस्तोवर गायली होती.

याच वेळी तिच्या धाकट्या भावाच्या, नामाच्या मुलीचं लग्न ठरलं. नूतन अलिबागच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. ती मनुबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आत्यावर जीव टाकणारी. हळदीला तीन आठवडे होते. धवला गायला नाही तर हळद लागणार नाही, भावाची अब्रू जाईल, आणि पुन्हा कुणी मनुबाईला मांडवात बोलावणार नाही. गायला तर आपल्या लाडक्या पोरीला आपण जाणूनबुजून खोटं सांगू. मनुबाईने उत्तरासाठी सगळं पुस्तक पुन्हा वाचून घेतलं, पण त्यात शंकाच वाढत गेल्या. फक्त शेवटचा धडा राहिला, नीतिशास्त्राचा. तो कल्पिताने ऑप्शनला टाकला होता. पाचातले चार प्रश्न सोडवायचे असतात तर पाचवा धडा वाचायचा कशाला, असा तिचा बिनतोड तर्क होता. परीक्षा झाली, पुस्तक माळ्यावर गेलं. काळजीने मनुबाईची भूक मेली नाही, उलट वाढली. तीन आठवड्यांत चोळ्या घट्ट झाल्या.

गावात हळदी दोन असतात. संध्याकाळची डीजेची, ती जगाला दिसते. सकाळची देवाची, ती धवल्यावर चालते. नूतनच्या सकाळच्या हळदीला नामाच्या अंगणात मांडव गच्च भरला होता. पेणहून नवऱ्या मुलाची, शुभमची आई सखुबाई सात बायकांसह त्याला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन आली होती. भावकीतले वडीलधारे भागोजी हातातलं घड्याळ बघत मुहूर्ताची राखण करत होते. कोपऱ्यात राहुल डीजेवाला संध्याकाळसाठी स्पीकरवर स्पीकर चढवत होता. नूतन पाटावर बसली. मनुबाईने पदर खोचला आणि असा सूर लावला की छपरावरचे कावळे उडाले. सुपाची ओळ झाली, जात्याची झाली, पाटाची झाली, हळदीची झाली. मग तिने विचारलं, सुखी होशील का गं?

आणि ती थांबली.

बायकांना वाटलं, दम घेतेय. मग वाटलं, विसरली. मागच्या ओळीतल्या एकीने हळूच ‘होशील गं’ म्हणून आठवण केली. मनुबाईने मान हलवली.

‘विसरले नाय,’ ती म्हणाली. ‘पन मना म्हाईत नाय, ही सुखी होईल का. कोनाला म्हाईत असंल तर सांगा, मी गाते.’

मग सगळा मांडव एकदम बोलायला लागला. नामा पुढे झाला आणि म्हणाला की जावयाची नोकरी पक्की आहे. नोकरीत सुख असतं तर आमचा निकेत ट्रेलरवर नाचत गेला असता, असं मनुबाई म्हणाली, आणि निकेतसकट सगळे हसले. भागोजींनी सांगितलं की छत्तीसातले एकतीस गुण जुळले आहेत. मनुबाईने विचारलं की मागच्या वर्षी त्यांच्या पुतण्याचे तेहतीस जुळले होते, तो आता कुठे असतो? भागोजी घड्याळ बघायला लागले. पेणकडची एक बाई म्हणाली, आमच्याकडे फ्लॅट आहे, लिफ्टवाला. मनुबाई म्हणाली की लिफ्ट खालीही येते. पोरगा दारू पीत नाही, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, एकुलता एक आहे. दुसरं कुणी म्हणालं की तेच तर वाईट. म्हाताऱ्या, पोरी, वाढपी, आचारी, सगळे सुखाचे पुरावे शोधून आणायला लागले आणि एकमेकांचेच पाडायला लागले. काळूराम तर इतका रंगात आला की आपल्याच विरुद्ध दोनदा बोलला. राहुलने विचारलं की माझ्याकडे धवले पेनड्राइव्हवर आहेत, लावू का? तेव्हा मात्र दोन्ही पक्षांनी मिळून त्याला खाली बसवलं. ताटातली हळद सुकायला लागली. कुणीतरी तिच्यात पाणी घातलं आणि वादात परतलं.

हसू ओसरलं ते सखुबाईमुळे. तिचा चेहरा उतरला होता. आपल्या घरात ही पोर सुखी होणार नाही असं धवलारणीला म्हणायचंय का, असं तिने विचारलं. तसं नाही, मनुबाई म्हणाली. नामाने बहिणीपुढे हात जोडले. पाटावरची नूतन इतका वेळ हसत होती, आता ती आत्याकडे एकटक बघायला लागली. तोंड उघडावं आणि गाऊन मोकळं व्हावं, असं तिला वाटलं. उघडलंही. आवाज आला नाही.

तेव्हा मागून, चुलीकडून, बायजा आली. हात पिठाचे होते. मांडवाच्या कडेला येऊन ती थांबली.

‘आये, माज्या हलदीला तू होशील बोललीस,’ ती म्हणाली. ‘तवा तुला म्हाईत होता?’

‘नाय,’ मनुबाई म्हणाली. ‘तुला खोटा सांगितला मी. त्योच डाचतंय मना.’

‘मना कवा खोटा नाय वाटला.’ एवढ्या माणसांसमोर बायजा दहा वर्षांत बोलली नव्हती. ‘मी पिशवी घेऊन परत आले, तवा तू दारात व्हतीस. काय झाला ते इचारला नायस. पान वाढलास नि बस बोललीस. भविष्य नव्हतास सांगितला तू हलदीला, आये. शब्द दिला व्हतास. तो पाललास.’

मनुबाई लेकीकडे बघत राहिली. इतके दिवस ती ज्या कोड्याभोवती घिरट्या घालत होती, ते डोळ्यांसमोर सुटत गेलं. सुख होईल की नाही हे आज कुणालाच माहीत नाही, ते माहीत असण्यातलं नाहीच. पण शब्द देता येतो. दिलेला शब्द आज खरा नसतो आणि खोटाही नसतो. ज्याने दिला त्याला तो रोज खरा करावा लागतो. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती चक्क हसली. पाठोपाठ कल्पिता कपाळावर हात मारून म्हणाली की हा ऑप्शनला टाकलेला धडा दिसतोय.

मनुबाई सखुबाईकडे वळली. शब्द द्यायचा तर ज्याच्या हातात आहे त्याने द्यायला हवा, तुम्ही देता का, असं तिने सरळ विचारलं. असा प्रश्न खारेपाटात कुठल्याही सासूला आजवर कुणी भर मांडवात विचारला नव्हता. सखुबाईने घाई केली नाही. तिने खरोखर विचार केला, ओठ हलवत, बाजारात मासा पारखावा तसा.

‘मना रोजच्या रोज जमल असा नाय,’ ती शेवटी म्हणाली. ‘माजा डोका लवकर तापतं. पन देते.’

याहून चांगलं उत्तर कुणी दिलं असतं असं मनुबाईला वाटलं नाही. मग शुभमला फोन लावला. तोंडभर हळद माखलेला शुभम पडद्यावर आला आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणाला, तेव्हा मनुबाईने त्याला नीट ऐकून मग बोलायला लावलं. त्याने ऐकलं, आणि दुसऱ्यांदा जरा भीत भीत हो म्हणाला. नामाने शब्द दिला. काळूरामने न विचारता दिला. पाटावरून नूतन म्हणाली की मलाही कुणीतरी विचारा, माझ्या सुखाचं अर्धं काम मलाच करायचंय. बायका हसता हसता रडायला लागल्या. भागोजींनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

मनुबाईने सूर उचलला. तिने विचारलं, सुखी होशील का गं, आणि या वेळी उत्तर तिने एकटीने दिलं नाही. मांडव म्हणाला, होशील गं होशील. पेणकडच्या बायका म्हणाल्या, आचारी म्हणाले, मेढीला टेकलेला राहुलही म्हणाला. दुसऱ्यांदा आवाज इतका चढला की पलीकडच्या आळीतली माणसं कुंपणावर गोळा झाली. आता पहिली हळद लावायला सवाष्ण पुढे यायची, आणि सखुबाईसोबतची एक ताट घेऊन उठलीही. मनुबाईने हात आडवा केला.

‘पयली हलद बायजा लावंल,’ ती म्हणाली.

कुणीतरी खाकरलं. भागोजी काहीतरी बोलणार होते, पण सखुबाईनेच ताट घेतलं आणि बायजापुढे धरलं. बायजा जागची हलेना. पिठाचे हात तिने मागे लपवले होते. तेव्हा नूतनने पाटावर बसल्या बसल्या मान वर केली आणि तिच्यापुढे आपला चेहरा धरला. लहानपणी बायजा तिचं तोंड धुवायची तेव्हा धरायची तसाच.

बायजाने हात पदराला पुसले. दोन बोटं हळदीत बुडवली आणि नूतनच्या गालावर ओढली. हात परत घ्यायच्या आत नूतनने तिला मानेत धरून खाली ओढलं आणि आपला ओला गाल तिच्या गालावर दाबला. बायजा सुटायला बघेना. मनुबाईने तिसऱ्यांदा विचारलं, सुखी होशील का गं, आणि ती पाटाकडे बघत होती, पण नूतनकडे नाही. पुढची ओळ तिला गाता आली नाही. ती मांडवाने गायली.